रशियन विभक्ती जिभेवर कशा बसल्या

रशियनच्या सहा विभक्तींचा तक्ता मला तोंडपाठ होता, पण बोलताना जीभ अडायची. मग सुटे शब्द पाठ करणं थांबवलं आणि प्रत्येक नाम क्रियापदासकट वहीत उतरवायला लागले. ‘या झिवू व् मस्क्व्ये’ म्हणजे मी मॉस्कोत राहते. ‘या येदू व् मस्क्वू’ म्हणजे मी मॉस्कोला चाललेय. ‘व्’ दोन्हीकडे तोच. ठिकाण सांगायचंय की दिशा, हे नामाच्या शेवटावरून कळतं.

‘माझा-माझी-माझं’ची सवय इथे फार कामी येते: मोय दोम (माझं घर), माया क्नीगा (माझं पुस्तक), मायो अक्नो (माझी खिडकी). फक्त लिंग मराठीवरून ठरवू नका. आपलं घर नपुंसकलिंगी, त्यांचा ‘दोम’ पुल्लिंगी. ‘यिवो’, म्हणजे ‘त्याचा’, मात्र कधीच बदलत नाही: यिवो दोम, यिवो क्नीगा. किती सोय!

खरी मेहनत नकारावर घ्यावी लागते. ‘ऊ मिन्या येस्त क्नीगा’: माझ्याकडे पुस्तक आहे. नाही म्हटलं की पुस्तक थेट षष्ठीत जातं: ‘ऊ मिन्या न्येत क्नीगी’. घरातली एकेक वस्तू घेऊन ही जोडी रोज मोठ्यानं म्हणत गेले, तेव्हा कुठे षष्ठी आपोआप यायला लागली.