पोलक्याचा वर्ग घेताना: आधी बगलेचा चौरस

कोकणात पोलके शिवण्याचा वर्ग घ्यायचा झाल्यास तो भाताची लावणी आटोपल्यावर, श्रावणात घ्यावा. तेव्हा बायकांना दुपारचे दोन तास मिळतात आणि शिवलेले पोलके गौरी-गणपतीला घरातल्या मुलीच्या अंगावर चढते. मात्र श्रावणातल्या दमट हवेत कापड लवकर वाळत नाही. म्हणून सुती कापड रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून आणण्यास आठवडाभर आधीच सांगावे, नाहीतर पोलके पहिल्या धुण्यात आटते. खण पहिल्या दिवशी कोणाच्या हाती देऊ नये. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचे ते कापड देखणे खरे, पण कापताच त्याच्या कडांचे धागे सुटू लागतात. बाहीच्या टोकाच्या पट्टीपुरतेच ते ठेवावे.

नवशिक्यांच्या पोलक्याचे सगळे तुकडे चौकोनीच असावेत. छाती २८ इंच असेल तर निम्मे १४, ढिलाईचे २ आणि दोन्ही बाजूंच्या शिलाईची माया मिळून १, असा १७ इंच रुंदीचा तुकडा पुढे आणि तेवढाच मागे. शिवाय बाह्यांचे दोन आयत आणि बगलेसाठी ४ इंचांचे दोन चौरस.

पायाने चालवायच्या मशीनवर हात बसण्यासाठी दोरा न ओवता वहीच्या रेघांवर टीप मारायला लावावी. अर्धा तास पुरतो.

खरा वेळ द्यावा तो बगलेच्या चौरसाला. बाही खांद्याच्या शिलाईशी मध्य जुळवून जोडली, की चौरसाची एक कड बाहीला आणि लगतची कड अंगाच्या तुकड्याला येते. चौरसाच्या चारही कोपऱ्यांत कडांपासून अर्धा इंच आत खडूने ठिपका द्यावा आणि प्रत्येक टीप त्या ठिपक्यावरच थांबवावी. ती कापडाच्या कडेपर्यंत गेली तर कोपऱ्यात चुणी पडते आणि मग उसवण्यावाचून गत्यंतर राहत नाही. हे आधी मांजरपाटावर धावदोऱ्याने करवून घ्यावे, कारण हाताने घातलेला दोरा उसवताना कोणी रडकुंडीला येत नाही.

गळा सर्वांत शेवटी कापावा. एका वर्गात मी तो पहिल्याच दिवशी कापू दिला आणि सहापैकी चौघींची पोलकी खांद्यावरून उतरू लागली. तेव्हापासून गळा मापापेक्षा इंचभर लहान कापून, डोके जाण्यापुरती पुढे फाट ठेवून, पोलके अंगावर घालून पाहिल्यावरच तो वाढवू देते आणि मग त्याला तिरकी पट्टी लावते.

खालची तुरपाई घरी करायला देण्यापूर्वी मुलीला पोलके घालून पडवीतली कपडे वाळत घालायची दांडी दोन्ही हातांनी धरायला सांगावे. चौरसाचे कापड अशा वेळी तिरके ताणले जाऊन हात वर जायला जागा देते. तरीही पोलके कमरेवरून वर चढले किंवा बगलेत आवळले, तर तेवढाच चौरस उसवून मोठा बसवावा.