स्टेपनीवरचा तिसरा ब्रेक लाईट बंद पडल्यास

थार, गुरखा किंवा रँग्लर यांसारख्या गाड्यांचा मागचा दरवाजा कडेच्या बिजागऱ्यांवर उघडतो आणि त्याच्या पाठीवर स्टेपनी टांगलेली असते. अशा गाडीचा वरचा, म्हणजे तिसरा ब्रेक लाईट बंद पडला की बहुतेक मालक थेट नवा दिवा विकत घेतात आणि तो बसवूनही उजेड पडला नाही म्हणजे मग वायरिंग तपासायला लागतात. हा क्रम उलटा असायला हवा. या गाड्यांत दिव्यापेक्षा दिव्याकडे जाणारी वायर आधी दगा देण्याची शक्यता मोठी असते, कारण दरवाजा उघडला की ती वाकते, मिटला की पुन्हा सरळ होते, आणि कच्च्या रस्त्यावर स्टेपनीच्या वजनाने दरवाजा सतत थरथरत असल्यामुळे तिला उसंत अशी मिळतच नाही.

चिखलातून आलेल्या गाडीचे खालचे दोन्ही दिवे बरेचदा माखलेले असतात. तेव्हा मागच्या चालकाला दिसणारा एकमेव ब्रेक लाईट हाच असतो. अमेरिकेत १९८६ च्या मॉडेलपासून मोटारींना आणि १९९४ च्या मॉडेलपासून हलके ट्रक व जीपवर्गातील वाहनांना असा दिवा सक्तीचा झाला.

प्रथम कोणालातरी ब्रेक दाबून धरायला सांगावे. मदतीला कोणी नसेल तर सीट आणि पेडल यांच्यामध्ये लाकडी दांडका अडकवला तरी चालतो. तिन्ही दिवे बंद असतील तर दोष बहुधा फ्यूजमध्ये किंवा पेडलजवळच्या ब्रेक स्विचमध्ये असतो आणि मागचा दरवाजा खोलण्याची गरजच नसते. खालचे दोन लागतात आणि फक्त वरचा लागत नाही, अशा वेळी स्विच ठीक आहे असे धरून पुढे जावे. मात्र काही गाड्यांत वरच्या दिव्याला स्वतंत्र फ्यूज असतो, म्हणून फ्यूजबॉक्सच्या झाकणावरील तक्ता एकदा वाचून घेणे शहाणपणाचे ठरते.

लक्षणांवरूनही बरेच कळते. दरवाजा अर्धवट उघडल्यावर दिवा लागतो आणि मिटल्यावर विझतो, तर वायर बिजागरीपाशी तुटलेली आहे, यात फारशी शंका उरत नाही. एलईडीच्या पट्टीतील काही दिवे लागतात आणि सलग तीन-चार बंद राहतात, तर वायर निर्दोष असून दोष पट्टीच्या आत आहे. एलईडी गटागटाने एकसरीत जोडलेले असल्यामुळे एक गेला की त्याचा सगळा गट विझतो. ब्रेक न दाबताच, केवळ हेडलाईट लावल्यावर दिवा मंद लुकलुकत असेल, तर अर्थ, म्हणजे बॉडीमार्फत बॅटरीकडे परतणारी जोडणी, खराब झाल्यामुळे दुसऱ्या दिव्याचा प्रवाह आडवाटेने येथे शिरत असतो.

दिवा काढण्यासाठी काही गाड्यांत आधी स्टेपनी उतरवावी लागते. ऑफ-रोड टायर चढवलेले चाक चांगलेच जड असते, त्यामुळे ते एकट्याने पेलण्याच्या फंदात पडू नये. दिव्याच्या कवचाला स्क्रू असतील तर ते सावकाश सोडवावेत; गंज धरला असल्यास त्यावर आधी गंज सोडवणारे तेल मारून थोडा वेळ थांबावे. कवच खटक्यांवर बसलेले असेल तर लोखंडी स्क्रू-ड्रायव्हरऐवजी प्लास्टिकची पट्टी वापरावी, कारण उन्हाने कडक झालेले प्लास्टिक पटकन तडकते. कुठे कुठे मागच्या काचेच्या पाण्याची नळीही दिव्याजवळूनच गेलेली असते. दिवा ओढण्यापूर्वी तिच्याकडे पाहून घ्यावे.

आता मुख्य तपासणी. दिव्याचा कपलर, म्हणजे दिवा वायरिंगला जोडणारा प्लग, सोडवून त्याची टोके निरखावीत. हिरवट बुरशीसारखा थर दिसला, तर पाणी आत गेले आहे. तसे नसल्यास मल्टिमीटरपेक्षा टेस्ट लॅम्पवर, म्हणजे दोन वायरी जोडलेल्या साध्या बल्बवर, अधिक विसंबावे. वायरच्या आतील तारा तुटून एकमेकींना जेमतेम टेकलेल्या असल्या तरी मल्टिमीटर १२ व्होल्ट दाखवू शकतो, पण अशा जागेतून दिवा नीट पेटण्याइतका प्रवाह जाईलच असे नाही. बल्बचा टेस्ट लॅम्प मात्र प्रत्यक्ष प्रवाह ओढतो आणि तिथे वायरचे पितळ उघडे पडते. हा बल्ब ५ वॅटचा असावा. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअरच्या आसपास प्रवाह घेतो आणि नव्या गाड्यांत जिथे संगणकीय नियंत्रक थेट दिव्याला वीज पुरवतो, तिथे तो अकारण जास्त भार ठरू शकतो. अशा गाडीत टेस्ट लॅम्प हलकेच लुकलुकला तर गोंधळून जाऊ नये. काही नियंत्रक दिवा शाबूत आहे की नाही हे पाहण्यासाठी सूक्ष्म स्पंदने पाठवत असतात.

ब्रेक दाबलेला ठेवून टेस्ट लॅम्प कपलरच्या दोन टोकांमध्ये लावावा. तो लख्ख पेटला तर वायरिंग निर्दोष आहे आणि दिवा बदलायचा आहे. पेटला नाही, तर त्याचा एक चिमटा बॉडीच्या रंग खरवडलेल्या धातूला लावून दुसरे टोक वीज आणणाऱ्या टोकाला टेकवावे. आता पेटला, म्हणजे वीज येते आहे, पण अर्थची वायर तुटली आहे. अजूनही पेटला नाही, तर वीज आणणारी वायरच मध्ये कुठेतरी तुटली आहे. ही दोन मिनिटांची तपासणी टाळून नवा दिवा मागवणाऱ्याचे पैसे बरेचदा वाया जातात. वायरचे आवरण टाचणीने टोचून तपासण्याची सवय मात्र सोडावी. त्या बारीक छिद्रातून पावसाळ्यात पाणी शिरते आणि तांबे आतल्या आत काळे पडते.

वायर तुटल्याचे निश्चित झाल्यावर दरवाजा आणि बॉडी यांच्यामधील रबरी नळी दोन्ही बाजूंनी सोडवून मागे सरकवावी आणि बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवावे. एकेक वायर बोटांत धरून हळूच ताणावी. आतले तांबे तुटलेली वायर आवरण धड दिसत असूनही रबरासारखी लांबते. एक वायर सापडली म्हणून तिथेच थांबू नये. त्याच वळणावर त्याच वयाच्या मागच्या वायपरच्या, नंबर प्लेटच्या दिव्याच्या आणि असल्यास काच गरम करणाऱ्या तारेच्याही वायरी असतात, आणि त्यांचीही पाळी जवळ आलेली असते.

दुरुस्ती टिकेल की नाही, हे जोड कुठे दिला जातो यावर ठरते. तुटलेली दोन टोके जिथल्या तिथे जुळवून डाग दिला, तर कथील तारांमध्ये झिरपून तेवढा भाग कडक होतो आणि वायर त्या कडक भागाच्या काठावर पुन्हा तुटते. म्हणून वाकणारा संपूर्ण भाग काढून टाकावा, त्या जागी बारीक तारांची, मऊ आवरणाची, सुमारे पाऊण ते एक चौरस मिलिमीटरची नवी वायर घालावी आणि एक जोड बॉडीच्या आत, तर दुसरा दरवाजाच्या आत, जिथे काहीच हलत नाही अशा ठिकाणी द्यावा. काच गरम करणाऱ्या तारेची वायर मात्र तिच्या मूळ जाडीचीच हवी. अनेक वायरी जोडायच्या असतील तर सगळे जोड एकाच रेषेत येऊ देऊ नयेत, नाहीतर गाठ जाड होऊन रबरी नळीत शिरत नाही. हीट श्रिंकची, म्हणजे उष्णतेने आवळून जोडावर घट्ट बसणारी, नळी जोड देण्यापूर्वी वायरीत ओवायची असते. हे सगळ्यांनाच ठाऊक असते आणि तरीही ती टेबलावरच राहते.

दोष दिव्यातच असेल आणि तो बल्बचा असेल, तर होल्डर साफ करून त्याच वॅटचा बल्ब घालावा. जास्त वॅटच्या बल्बने होल्डर वितळू शकतो. एलईडीचा सीलबंद दिवा असेल, तर तो उघडून एकेक एलईडी बदलता येतो, पण त्यात अर्थ नाही असे माझे स्पष्ट मत आहे, कारण नव्या-जुन्यांचा उजेड सारखा पडत नाही आणि फोडलेले सील पुन्हा पूर्ववत होत नाही. बाजारात मिळणारे लुकलुकणारे ब्रेक लाईट घेण्याचा मोहही टाळावा. नवा दिवा बसवताना मूळ गॅस्केट तपासावे, कपलरमध्ये डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणारे) ग्रीस भरावे आणि कवचाच्या तळाशी पाणी निघून जाण्याची छिद्रे असतील तर ती सिलिकॉनने बुजवू नयेत. कोकणात किनाऱ्यावर वाळूत गाडी नेणाऱ्यांनी परतल्यावर हा भाग गोड्या पाण्याने धुवावा, पण उच्च दाबाचा फवारा थेट दिव्याच्या कडेवर धरू नये.

बॅटरी जोडल्यावर इंजिन सुरू करून दिवा पाहावा. मग ब्रेक दाबलेला असताना दरवाजा आठ-दहा वेळा उघडमीट करवून घ्यावी आणि हेडलाईट, इंडिकेटर व रिव्हर्स दिवा एकेक करून लावून पाहावेत. शेवटी स्टेपनी चढवून गाडीच्या मागे दहा-पंधरा पावलांवर, साधारण मोटारचालकाच्या डोळ्यांच्या उंचीवर वाकून बघावे. मोठ्या मापाचा टायर लावलेला असेल किंवा त्यावर जेरी कॅन बांधला असेल, तर नीट लागणारा दिवाही त्याआड जातो. अशा वेळी दिव्याचा ब्रॅकेट उंच करून घ्यावा आणि त्यासाठी वायर वाढवावी लागली, तर ती ताणून न बसवता वळणावर थोडी सैल सोडावी.