मांजराचं वजन वाढतंय? या चुका टाळा

गंगावेशीतल्या कट्ट्यावर डोळ्यांदेखत धार काढून दूध मिळतं अशा आपल्या कोल्हापुरात मांजराला वाटीभर दूध घालणं ही मायाच. आमच्या बोक्यावर मी अशी माया केली आणि तो साडेसहा किलोंचा झाला. पलंगावर चढताना मागचे पाय लटकायला लागले, तेव्हा डोळे उघडले.

घरात राहणाऱ्या 4 किलोच्या मांजराला दिवसाला साधारण 200 ते 250 कॅलरी पुरतात. म्हशीच्या 100 मिली दुधातच शंभरेक असतात. शिवाय मोठ्या मांजरांना बहुधा दूध पचत नाही, जुलाब होतात. पाणी ठेवा.

रश्श्यातलं मटणही नको. कांदा-लसूण मांजराला विषारी आहे. बिनमिठाचं उकडलेलं चिकन चालेल, तेही थोडंच.

नसबंदीनंतर भूक वाढते आणि गरज घटते, वाटी मात्र तेवढीच राहते. त्यात सकाळी आई घालते, दुपारी आजी, रात्री पोरं. कुणी किती घातलं याचा पत्ता नसतो. आम्ही सकाळीच दिवसाचं खाणं काट्यावर मोजून स्टीलच्या डब्यात काढतो. ज्याला घालायचं त्यानं त्यातूनच घालायचं. डबा रिकामा, की उद्याच.

सगळ्यात घातक चूक म्हणजे उपास घडवणं. जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साचून जिवावर बेततं. एक दिवस काहीच खाल्लं नाही तर थेट डॉक्टरांकडे न्या. खाणं किती कमी करायचं, तेही त्यांनाच विचारा. आठवड्याला वजनाच्या एक टक्का उतरलं तरी उत्तम. सहा किलोंच्या मांजराचे ते 60 ग्रॅम होतात. घरच्या वजनकाट्यावर एवढा फरक कळत नाही, म्हणून रोज मोजून हिरमुसू नका. महिन्यातून एकदा त्याला कडेवर घेऊन काट्यावर उभे राहा, मग आपलं वजन वजा करा.

हातानंही कळतं. बरगड्यांवरून बोटं फिरवा: तळहाताच्या मागच्या हाडांसारख्या लागल्या तर ठीक, चाचपडाव्या लागल्या तर चरबी आहे. पोटाखाली लोंबणारी सैल कातडी मात्र निरोगी मांजरालाही असते.

डबा मोजूनही महिनाभर काटा हलला नाही, तर शेजारी विचारा. आमचा बोका रोज दुपारी मागच्या गल्लीतल्या काकूंकडे सुकट खाऊन येत होता. काकूंना डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. आता त्या आमच्याच डब्यातले चार दाणे त्याला घालतात.