अलाइनर, हळद आणि दुपारचं भडंग

दात सरळ करायला पारदर्शक अलाइनर, म्हणजे दातांवर घालायचे-काढायचे प्लास्टिकचे ट्रे, बसवून मला चौदा महिने झाले. मी सांगलीत एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते, वय 43. हल्ली ओळखीतलं कुणी ना कुणी अलाइनर घेतं आणि मला विचारतं, "मॅडम, खायचं काय?" खायचं सगळंच. खरा प्रश्न आहे किती वेळा खायचं, हा.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की दिवसातले 22 तास ट्रे दातांवर हवेत, खाताना काढायचे, आणि ट्रे तोंडात असताना साधं पाणी सोडून काहीही प्यायचं नाही. म्हणजे हातात उरतात 120 मिनिटं. पहिल्या सोमवारी मी वहीत नोंद ठेवली आणि तोंड किती वेळा चाललं ते मोजलं. अकरा वेळा! दोन जेवणांची 70 मिनिटं. बाकी नऊ वेळा चहा, बिस्कीट, स्टाफरूममधल्या डब्यातलं मूठभर भडंग, कुणीतरी तासगावहून आणलेले बेदाणे. ट्रे काढा, खा, चुळा भरा, परत बसवा, याला दर खेपेला बारा मिनिटं धरली तर 108. बेरीज 178, जवळजवळ तीन तास.

तुम्हीही सुरुवातीला एक दिवस असं मोजाच. मग वेळ वाटून घ्या. माझी वाटणी अशी: सकाळी चहा-नाश्ता 30, मधली सुट्टी 30, संध्याकाळचा चहा 20, रात्रीचं जेवण 40. ब्रशची वेळही यातच. भडंग मी सोडलं नाही, सोडवलं गेलंही नसतं. ते आता संध्याकाळी चहाबरोबर वाटीत घेऊन बसते. दुपारभर येता-जाता मूठ मारणं मात्र बंद.

चहाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण आपल्याकडे सगळं तिथेच अडतं. "दोन घोट ट्रेवरूनच प्यायले तर काय होतं?" असं मला तीन जणींनी विचारलं. एक तर गरम चहाने प्लास्टिकचा आकार बिघडू शकतो. डाग पडतो ते वेगळं. आणि त्याहून वाईट म्हणजे साखर. एरवी लाळ दात सतत धूत असते, पण ट्रेच्या आत ती नीट पोचत नाही. ट्रेच्या कडेने आत शिरलेला गोड चहा दाताला तासन्‌तास चिकटून राहतो. दात सरळ करायला जायचं आणि कीड घेऊन यायचं, असं होऊ देऊ नका. दूध, ताक, शहाळं, उसाचा रस, सगळ्यांना हाच नियम. प्यायचं तर ट्रे काढून, एका बैठकीत, आणि लगेच खळखळून चुळा. लिंबू सरबत किंवा कोकम घेतलंत तर लगेच ब्रश घासू नका. आंबटाने दाताचं वरचं आवरण थोडा वेळ मऊ पडतं. चुळा भरून ट्रे बसवा आणि ब्रश अर्ध्या तासाने करा.

पाहुणे म्हणून गेल्यावर चहा नाकारणं अवघड जातं. मी "हात धुऊन येते" म्हणते आणि बेसिनपाशी जाऊन ट्रे काढते. हात धुवायचेच असतात, माझ्या बोटांना तर खडू असतो. दोन्ही बाजूंच्या दाढांकडून नखाने सैल करून मग पुढे ओढा. एकाच बाजूने ओढलं तर ट्रेला चीर जाते. काढलेला ट्रे डबीतच ठेवायचा. रुमालात नाही, कागदात नाही, ताटाशेजारी तर नाहीच. पर्समध्ये माझी डबी, छोटा ब्रश आणि पाण्याची बाटली कायम असते. तिळगूळ किंवा प्रसाद हातावर पडला तर मी तो एका लहान स्टीलच्या डबीत टाकते आणि जेवणाबरोबर खाते. आरती संपल्यावर सगळ्यांसमोर तोंडात बोटं घालावी लागत नाहीत.

आता हळद. सांगलीच्या हळदीला 2018मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि आमच्याकडे आमटीपासून भडंगापर्यंत ती सगळ्यात असते. ट्रे माझे दर दहा दिवसांनी बदलतात, त्यामुळे ट्रे पिवळा झाला तरी फार दिवस सोबत करत नाही. ट्रेची पकड बसावी म्हणून दातांवर चिकटवलेले छोटे उंचवटे, म्हणजे बटणं, मात्र महिनोन्‌महिने तीच राहतात. म्हणून हळदीचं जेवलात की आधी चुळा, मग ब्रश, मगच ट्रे. शाळेत कधी ब्रश करायला वेळ मिळत नाही. तेव्हा मी चार-पाच वेळा जोरात चुळा भरून ट्रे बसवते आणि घरी आल्यावर घासते. दुपारभर ट्रे डबीत ठेवण्यापेक्षा हे कितीतरी बरं. हळदीचा डाग उन्हात उडतो हे आपल्याला कपड्यांवरून ठाऊक असतं, पण म्हणून ट्रे उन्हात ठेवू नका. उष्णता त्याला सोसत नाही. मी हे नुकसान सोसून शिकले. गेल्या डिसेंबरात गार पाणी नको वाटलं म्हणून गिझरच्या कढत पाण्याने ट्रे धुतला. दाढांपाशी तो सैल झाला. नवीन येईपर्यंत डॉक्टरांनी आधीचाच ट्रे घालायला लावला आणि माझे बारा दिवस गेले. गार पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश, एवढं पुरतं. टूथपेस्टने ओरखडे पडतात. जुना ट्रे लगेच फेकू नका, तो असा कामी येतो.

नवीन संच मी रात्री जेवण आणि ब्रश झाल्यावरच घालते. पहिला ठणका झोपेत निघून जातो. पुढचे दोन दिवस मऊ वरण-भात, उपमा, मुगाची खिचडी. ज्वारीची भाकरी सोडायची गरज नाही, आमटीत कुस्करून घ्या. एकादशीला साबुदाण्याऐवजी वरीचा भात करते, कारण साबुदाणा बटणांभोवती लगदा होऊन बसतो आणि निघता निघत नाही.

कडक गोष्टींनी बटण निघून येतं. ऊस दाताने सोलणं, मटणाची नळी फोडणं, चिक्कीचा तुकडा पुढच्या दातांनी तोडणं, हे उपचार संपेपर्यंत नाही. पेरूच्या पातळ फोडी करा, कणसाचे दाणे सुरीने काढून खा. बटण निघालंच तर घरचा कुठलाही गोंद लावू नका, डॉक्टरांना फोन करा.

हळदीचं दूध प्यायची सवय असेल तर ते रात्रीच्या ब्रशच्या आधी घ्या. एकदा ट्रे बसला की सकाळपर्यंत उशाशी फक्त साध्या पाण्याचा तांब्या.