निर्वासित एडवर्डबद्दल लिहिताना या चुका टाळा

इंग्लंडचा राजा एडमंड आयर्नसाइड ३० नोव्हेंबर १०१६ रोजी वारला, सगळं इंग्लंड डॅनिश राजा क्नूटच्या हाती गेलं आणि एडमंडची तान्ही मुलं देशाबाहेर धाडली गेली. त्यातला एक एडवर्ड, जो पुढे हंगेरीत राहिला. त्याच्यावर मराठीत जे थोडंफार वाचायला मिळतं, त्यात काही चुका पुन्हापुन्हा दिसतात.

पहिली नावाची. त्याच काळात त्याचा सावत्र काकाही परागंदा होता, तोही एडवर्डच. तो नॉर्मंडीत वाढला आणि १०४२ मध्ये इंग्लंडचा राजा झाला. गोंधळ झाला तर जागा बघा: नॉर्मंडी असेल तर काका, हंगेरी असेल तर पुतण्या.

दुसरी, त्याला ‘युवराज’ म्हणणं. युवराज म्हणजे ठरलेला वारस. त्याच्यासाठी वापरला जाणारा जुना इंग्रजी शब्द ‘ॲथेलिंग’ म्हणजे गादीवर हक्क सांगू शकेल असा राजघराण्यातला पुरुष. असे एका वेळी अनेक असत. ‘राजपुत्र’ लिहा.

तिसरी चूक जरा सविस्तर सांगतो, कारण ती जुन्या ग्रंथातूनच आली आहे. बाराव्या शतकातला इतिहासकार जॉन ऑफ वूस्टर लिहितो की क्नूटने मुलांना मारण्यासाठी स्वीडनच्या राजाकडे पाठवलं, त्याला ते पाप करवेना, म्हणून त्याने त्यांना हंगेरीचा राजा सॉलोमनकडे धाडलं. वाचायला सुरेख वाटतं. पण सॉलोमन गादीवर आला १०६३ मध्ये, एडवर्ड वारल्यावर सहा वर्षांनी! जर्मन इतिहासकार ॲडम ऑफ ब्रेमेन तर मुलं रशियात गेली असं सांगतो. म्हणून प्रत्येक राजाच्या नावापुढे त्याची कारकीर्द लिहून पडताळा. पत्नी अगाथाचंही तसंच. अँग्लो-सॅक्सन इतिवृत्त (जुन्या इंग्रजीतल्या वर्षवार नोंदी) तिला सम्राटाची नातलग म्हणतं, इतिहासकार विल्यम ऑफ माम्सबरी हंगेरीच्या राणीची बहीण. ‘हंगेरीची राजकन्या’ असं ठोकून देऊ नका.

‘डॅनिश सत्ता संपली आणि तो परतला’ हेही चूक. सत्ता १०४२ मध्ये संपली, तो आला १०५७ मध्ये. मधे १०५४ साली बिशप एल्ड्रेड त्याला आणवण्यासाठी जर्मनीतल्या कोलोनला गेला, जवळजवळ वर्षभर राहिला आणि रिकाम्या हाताने परतला.

शेवटची चूक, ‘हॅरॉल्डने (१०६६ मध्ये इंग्लंडचा राजा झालेला सरदार) त्याला विष दिलं’ असं छातीठोक लिहिणं. इतिवृत्तात खुनाचा उल्लेख नाही. चाळीस वर्षांनी मायदेशी आलेला हा माणूस थोड्याच दिवसांत वारला आणि लंडनच्या सेंट पॉल्समध्ये पुरला गेला, एवढंच तिथे आहे. आणि इतिवृत्तकाराची हळहळ: कोणत्या कारणाने कोण जाणे, त्याला काकाला भेटू दिलं नाही.