बुडखा काढायचाय? बकेट उतरवा, रिपर लावा

छोट्या ट्रॅक्टरच्या बॅकहोनं (मागं बसवलेल्या खोदायच्या हातानं) बाभळीचा बुडखा काढायला गेलं की बुडखा जाग्यावर राहतो आणि ट्रॅक्टरच सरकतो. करवीरमधल्या आमच्या उसाच्या बांधावर हेच झालं. बकेट, म्हणजे खोदायचं खोरं, काढून एका दाताचा रिपर (जमीन फाडायचा लोखंडी दात) लावला आणि काम सुटलं. सगळा जोर एकाच टोकावर येतो, त्यामुळं मुळ्या तुटतात.

१. झाड जमिनीलगत कापू नका, खोड कमरेएवढं ठेवा. शेवटी ढकलायला तेच उपयोगी पडतं.

२. मागचे दोन्ही जॅक (ट्रॅक्टर स्थिर धरणारे पाय) जाड फळीवर टेका. काळ्या रानात फळी नसेल तर ते रुततात.

३. बुडख्यापासून २-२.५ फुटांवर दात रोवून आपल्याकडं ओढा. मुळी अडकली की इंजिन दाबलं जातं, तिथं घाई नको. दात थोडा वर घेऊन परत ओढा. मनगटाएवढी मुळी तुटताना कट्‌कन आवाज येतो, तो ऐकूनच पुढची धरा.

४. ट्रॅक्टर फिरवून तीन बाजू मोकळ्या करा, मग खोड चौथ्या बाजूला ढकला.

वळवाच्या पावसानंतर वाफसा आला (रान ओलसर पण चिखल नसलेलं झालं) की हे काम निम्म्या वेळात होतं. ऐन चिखलात मात्र नको.

दात जमिनीत असताना बूम (बॅकहोचा मोठा हात) आडवी फिरवून मुळी तोडू नका, पिना आणि सिलिंडर वाकतात. आणि आपल्याकडं बांधाखालून उपसा योजनेची पाईप किंवा मोटारीची केबल जाते, ती कुठून गेलीय हे शेजाऱ्याला आधी विचारा.