गरोदरपणात नाडीचा ठेका चुकतोय? काय करावं

दिवस गेले की छातीत थोडी धडधड होतेच. शरीरातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं आणि ते खेळवायला हृदयाला जास्त काम पडतं. म्हणून घरातले ‘होतं असं’ म्हणून सोडून देतात. मला भीती वाटते ती याच सोडून देण्याची.

आधी पाच मिनिटं शांत बसा. मनगटावर तीन बोटं ठेवून नाडी पूर्ण एक मिनिट मोजा. वेगाइतकाच ठेकाही बघायचा आहे. दोन ठोके लगोलग, मग खाडा, पुन्हा घाई, असा कसलाच मेळ नसेल तर ते एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडणं, असू शकतं. त्याच दिवशी, शक्यतो धडधड चालू असतानाच ईसीजी काढा. थांबल्यावर काढलेला ईसीजी अगदी नॉर्मल येऊ शकतो.

मग कारण शोधायचं. त्यासाठी इको (हृदयाची सोनोग्राफी), थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासतात. आपल्याकडे लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने हृदयाची मायट्रल झडप अरुंद झालेल्या बायका अजूनही दिसतात, आणि कित्येकींना ते पहिल्या बाळंतपणातच कळतं. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का, पेनिसिलिनची इंजेक्शनं चालू होती का, हे आईला विचारा आणि पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगा.

सगळ्यात जपायचं ते रक्त पातळ करणाऱ्या औषधाला. लय बिघडली की हृदयात गुठळी होऊ शकते, आणि अरुंद झडप असेल तर धोका फारच वाढतो. वॉरफरिन किंवा अ‍ॅसिट्रॉम चालू असेल तर पाळी चुकताच डॉक्टरांना फोन करा. ६ ते १२ आठवड्यांत या गोळ्या बाळाला अपाय करू शकतात. हेपरिन वारेतून बाळापर्यंत जात नाही, म्हणून बऱ्याचदा त्याची इंजेक्शनं देतात. धातूची झडप बसवलेली असेल तर हिशोब वेगळा असतो. रिव्हारोक्साबान, एपिक्साबान यांसारख्या नव्या गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत. पण कुठलंही औषध मनाने बंद करू नका.

वेग आटोक्यात ठेवायला बहुधा मेटोप्रोलोल देतात. अ‍ॅटेनोलोल घेत असाल तर बदलून मागा, त्याने बाळाची वाढ खुंटू शकते. लय ताळ्यावर आणायला डॉक्टरांनी विजेचा झटका सुचवला तर घाबरू नका. गरज पडल्यास तो कुठल्याही महिन्यात देता येतो, बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून.

आडवं पडल्यावर दम लागणं, गुलाबी फेस येणारा खोकला, चक्कर येऊन पडणं, तोंड वाकडं होणं किंवा हातातली शक्ती जाणं, यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा, सकाळची वाट पाहू नका.

बाळंतपण हृदयरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयातच ठरवा. हेपरिन चालू असताना कळा सुरू झाल्या तर पुढचं इंजेक्शन न घेता आधी रुग्णालयात फोन करा. बाळंतपणानंतरचे पहिले काही दिवसही नाजूक असतात; ‘सुटली बाई’ म्हणून तपासण्या टाळू नका. वॉरफरिन घेत असतानाही बाळाला अंगावर पाजता येतं. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या मात्र टाळा, त्यांनी गुठळीचा धोका वाढतो.